रविवारची उपासना: घड्याळ लावून बसलो तेव्हा

नेवाशाचा पंच (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात मी एक आगाऊपणा केला. आमच्या मंडळीत (नाव सांगत नाही, पुण्याच्या आसपासची आहे एवढं पुरे) रविवारची उपासना लांबते अशी तक्रार सारखी येत होती. पंचमंडळाच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) सभेत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. तरुण संघ म्हणे प्रवचन लांबतं, पाळकसाहेब म्हणत गाणी वाढलीत. म्हणून एका रविवारी मागच्या बाकावर वही आणि मनगटी घड्याळ घेऊन बसलो. उपासनेत लक्ष नव्हतं, हे पाप आधीच कबूल करतो.

साडेनऊला सुरू, अकरा चाळीसला आशीर्वचन. एकूण 130 मिनिटं. स्वागत आणि सूचना 24. सत्कार 18 (दोन वाढदिवस, एक लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, एक नगरसेवक). गाणी 31. प्रवचन 34. दानार्पण 6. शास्त्रवाचन 3. मध्यस्थीची (म्हणजे इतरांसाठीची) प्रार्थना 4. पापकबुली 1. बाकीच्या किरकोळ प्रार्थना, आशीर्वचन धरून, 9.

पापकबुलीचं ते एक मिनिटसुद्धा उदारपणे लिहिलंय.

वही घरी नेली तेव्हा मला लांबीचं काही वाटलंच नाही. खटकलं ते हे की सूचना आणि सत्कार मिळून 42 मिनिटं आणि वाचन, कबुली, मध्यस्थी मिळून 8. आपण जमलो कोणाच्या नावाने? नगरसेवकांना शाल दिली तेव्हा टाळ्या वाजल्या. शुभवर्तमान वाचलं तेव्हा अर्धे लोक दानाची पाकिटं शोधत होते.

माझी आजी नेवासे तालुक्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतली. अक्षरओळख नव्हती, पण गीतं नंबराने पाठ. वेदीच्या बाजूला लाकडी पाटी असायची, तिच्यात पत्र्याचे आकडे सरकवायचे. सहाचा पत्रा उलटा लावला की नऊ. एकदा कोणीतरी तो उलटा लावला, आणि पेटीवाल्याने एक सूर धरला तर बायकांनी दुसरंच गीत उचललं. आजीला आकडे वाचता येत नव्हते, ती सूर ऐकून म्हणाली, "पाटी चुकलीय." आज पडद्यावर शब्द येतात आणि तरी निम्मी मंडळी ओठ मिटून उभी असते.

तर विचारायचं हे: ख्रिस्तकेंद्री उपासना असं आपण उठताबसता म्हणतो, ती प्रत्यक्षात कशी दिसते? तुमच्याकडे काय होतं ते सांगा. पंथ कोणताही चालेल.

---

पेटीवाली

पंचकाका, वही कोणाला दाखवू नका, पुढच्या निवडणुकीत पडाल. :)

मी सोलापूरकडची, गेली बावीस वर्षं पेटी वाजवते. आता कीबोर्ड आलाय, मी दुसऱ्या गीताला वाजवते, पहिलं आणि तिसरं मुलं घेतात. माझी तक्रार वाद्याची नाही. तक्रार अशी की गाण्याची पट्टी गायकाला जमेल अशी धरली जाते. पुढच्या मुलाचा गळा काळी पाचला (पेटीची पाचवी काळी पट्टी) छान लागतो, पण मागच्या मावशांना तो सूर गाठता येत नाही. मग त्या गप्प बसतात, आणि लोक म्हणतात जुन्या माणसांना नवी गाणी आवडत नाहीत. एकदा काळी दोनला उतरवून बघा. आमच्याकडे बघितलं. मावशा तबलजीच्या पुढे पळाल्या.

पण "आपलं जुनं ते खरं" असं कोणी म्हणू नये. जुन्या गीतपुस्तकात निम्मी गीतं इंग्रजीवरून आणलेली, विलायती चालीवर बसवलेली आहेत. मराठी शब्द त्या चालीत अंग चोरून बसलेले दिसतात. कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक या लोकांनी अभंग, पदं, रागदारी आत आणली तेव्हा तीसुद्धा नवीच होती.

---

तरुण संघाचा सचिव

काका, आदराने पण असहमत.

आम्ही रविवारी सात वाजता येतो. ड्रम लावायचे, वायरी जोडायच्या, माइक तपासायचे. त्याआधी शनिवारी रात्री दोन तास सराव. ही 31 मिनिटं तुम्ही "गाणी" म्हणून एका आकड्यात लिहिलीत, पण ती प्रार्थनाच आहे. डोळे मिटून, हात वर करून माणूस गात असेल तर ते मोजणार कसं?

आणि पट्टीचं म्हणाल तर ताई, तुमचं बरोबर आहे. कबूल. पुढच्या वेळी उतरवतो.

---

नेवाशाचा पंच

@सचिव, बाळा, तुझ्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण त्या रविवारी सहा गाणी झाली. मी शब्दही उतरवले. त्यातली चार "मला दे, मला भर, मला उचल, माझं दुःख ने" अशी होती. क्रूस एका गाण्यात आला. पुनरुत्थान एकातही नाही.

---

तरुण संघाचा सचिव

आणि टिळकांच्या भजनांत "मी" नाही? तुकोबांच्या अभंगांत नाही? स्तोत्रसंहिता उघडा: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." माझा! दाविदाला पंचमंडळापुढे बोलवायचं का आता?

---

पेटीवाली

+१. हे मस्त धरलंस.

---

नेवाशाचा पंच

:) धरलास. विचार करतो.

---

विठूचा सोयरा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. शाळा नगरला झाली. वर्गमित्राने एकदा संध्याकाळी चर्चच्या आवारात कीर्तनाला नेलं होतं. मला वाटलं चेष्टा करतोय. बघतो तर खरंच कीर्तन! पेटी, तबला, झांजा. पूर्वरंगाला शास्त्रातलं वचन, उत्तररंगाला उधळ्या पुत्राचं आख्यान. बाप लांबून पोराला ओळखतो आणि म्हातारपणी धावत सुटतो, तिथे बुवांनी स्वतः दोन पावलं धावून दाखवलं. समोर बसलेल्या एका आजोबांनी पदराने... म्हणजे उपरण्याने डोळे पुसले. ते कीर्तन माझ्या अजून लक्षात आहे.

सत्कारांचं म्हणाल तर आमच्या सप्ताहातही तेच. काल्याच्या कीर्तनाआधी पाऊण तास नारळ आणि फेटे. बुवा बिचारे वीणेकरी घेऊन कडेला उभे.

एक प्रश्न: त्या "मी"बद्दल. तुकोबांचा "मी" रडतो, भांडतो, पण तोंड सतत विठोबाकडे असतं. तुमच्या नव्या गाण्यांतला "मी" कोणाकडे बघतो? मी ऐकलेली नाहीत, म्हणून विचारतोय.

---

नेवाशाचा पंच

@विठूचा सोयरा, दंडवत. माझ्या वहीत जे मांडता आलं नाही ते तुम्ही एका ओळीत विचारलंत. टिळक स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, मुंबईतला. त्यांच्या भजनात "मी" भरपूर आहे. सचिव, तुझा मुद्दा मान्य. पण ते भजन संपतं तेव्हा मी उरत नाही, तो उरतो. परवाची काही गाणी संपल्यावर मला फक्त माझं बरं वाटणं उरलं होतं.

नगरच्या मिशनमध्ये ही ख्रिस्ती कीर्तनं एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. आता क्वचित ऐकायला मिळतात. करणारे उरले नाहीत.

---

मुक्तीची शेजारीण

मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांना, हात वर करणाऱ्यांना "हे बाहेरून आलंय" म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून लिहिते. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे आत्मिक जागरण झालं ते अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या (पेंटेकोस्टल चळवळीचा उगम मानतात त्या) जागरणाच्या आधीचं. अझुसा 1906. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या मुली पहाटे उठून गटागटाने प्रार्थना करायच्या, रडायच्या, एकाच वेळी सगळ्या मोठ्याने. मराठीत. कोणी परदेशी पाहुणा माइक घेऊन उभा नव्हता. माइकच नव्हता.

पण त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं काय केलं? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींनीच खिळे जुळवले. 1922 ला बाई गेल्या, पुस्तक बाहेर आलं 1924 ला. म्हणजे मोठ्याने प्रार्थना आणि बारकाईने वाचन एकाच आवारात. आपल्याकडे मात्र आता दोन पंथ झालेत: एक ओरडणारा, एक वाचणारा. आणि पंचकाकांच्या आकड्यांवरून दिसतंय की वाचणाराही फारसा वाचत नाही. 3 मिनिटं!

---

नंदाखालचा नातू

वसईहून. आम्ही कॅथलिक, तेव्हा घर थोडं वेगळं.

आमच्याकडे मिस्सा (म्हणजे आमची मुख्य उपासना) ठरलेल्या क्रमाने चालते, त्यामुळे सत्कारांना आत शिरायला फट मिळत नाही. सूचना ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी. लोक तोवर दाराकडे सरकलेले असतात, म्हणून फादर आपोआप थोडक्यात आटपतात. प्रवचनाचं तर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीच सांगून टाकलं की आठ मिनिटांच्या वर जाऊ नका, लोकांना झोप येते. तुमच्या 34 मिनिटांना माझा साष्टांग नमस्कार.

पण क्रम ठरलेला असला म्हणजे काम झालं असं नाही. माझी आजी सांगायची, लॅटिन मिस्सा चालू असताना बायका आपापली जपमाळ ओढत बसायच्या. वेदीवर एक चाललंय, बाकांवर दुसरं. घंटी वाजली की सगळ्यांच्या माना वर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 4 डिसेंबर 1963 ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि पुढे मिस्सा मराठीत आली. त्या दस्तऐवजात एक परिच्छेद आहे, ख्रिस्त उपासनेत कुठे कुठे हजर असतो ते सांगणारा: याजकात, भाकर-द्राक्षारसात, साक्रामेंतांत (बाप्तिस्म्यासारख्या पवित्र विधींत), वाचल्या जाणाऱ्या वचनात, आणि गाणाऱ्या-प्रार्थना करणाऱ्या लोकांत. सचिवांचा ड्रम आणि पेटीवाल्या ताईंच्या मावशा दोन्ही या शेवटच्यात बसतात.

अवांतर: मराठीत ख्रिस्ताचं गाणं 1963 च्या फार आधीचं आहे. 1616 ला गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडचे. नव्या ख्रिस्ती लोकांना गाता-वाचता यावं म्हणून रचलेलं, आणि ते देवळांतून वाचलंही जाई. ओव्या म्हणायच्या आणि आख्यान ऐकायचं. विठूच्या सोयऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

---

जुनी कागदं

चर्चा चांगली चालली आहे. जुन्या काळाचे दोन संदर्भ टाकतो, कारण "पहिल्या मंडळीसारखी उपासना" हे जो तो आपल्या सोयीने म्हणतो.

बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने इ.स. 112 च्या सुमारास सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं: या ख्रिस्ती लोकांचं काय करू? चौकशीत त्याला कळलं ते असं, की ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी हे लोक जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याला उद्देशून आळीपाळीने गीत म्हणतात. माहिती काढणारा माणूस विरोधातला होता. तरी त्याच्या कानावर पहिली गोष्ट कोणती आली, तर गाणं कोणासाठी ते.

दुसरा संदर्भ जस्टिन हुतात्मा या ख्रिस्ती शिक्षकाचा, रोम, साधारण इ.स. 155. रविवारी काय चालतं ते त्याने सम्राटालाच लिहून कळवलं. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणं, "वेळ असेल तोवर" वाचायची. मग अध्यक्ष बोध करणार. सगळे उभे राहून प्रार्थना. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जाणार, अध्यक्ष उपकारस्तुती करणार, लोक "आमेन" म्हणणार. जे आले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोहोचवणार. दान अध्यक्षाकडे ठेवायचं, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे यांना मदत. सूचनांचा उल्लेख नाही. :)

"वेळ असेल तोवर" हे वाचनाला लावलेलं आहे. आपण ते सूचनांना लावतो.

---

कुवेती शुक्रवार

आम्ही रविवारी कामावर असतो, म्हणून उपासना शुक्रवारी. एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या, खोली तासाच्या हिशेबाने मिळते. आमची वेळ संपली की दारात तमिळ मंडळी उभी असते. मराठी मंडळी उपासना वेळेत संपवू शकते याचा जिवंत पुरावा आम्ही आहोत. सत्कार पार्किंगमध्ये होतात.

गंमत बाजूला. इथे येऊन कळलं, आठवडाभर हिंदी-इंग्रजी-मोडकी अरबी बोलून झाल्यावर "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळ्यांनी एका दमात म्हटलं की पोटातून काहीतरी सुटतं. त्याला दीड मिनिटही लागत नाही.

---

नेवाशाचा पंच

सगळ्यांचे आभार. उत्तर उशिरा देतोय, कारण मधला महिना लेंटचा (पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाचा) आणि धावपळीचा.

प्रभुभोजनाबद्दल (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि रस घेण्याचा विधी) कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी हा मेज असतो. तयारी शनिवारी. या वेळी पाळकीणबाई आजारी होत्या, म्हणून मी आणि माझी बायको गेलो. काळ्या मनुका धुऊन, उकळून, कुस्करून फडक्यातून गाळायच्या, रस थंड करायचा. पावाच्या चारही बाजूंच्या कडा सुरीने काढायच्या, मग उभे-आडवे छेद देऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे. कडा आवारातल्या पोरांना. काचेचे छोटे प्याले एकेक पुसून तबकात लावायचे. त्यातल्या एकाचा टवका उडालेला होता, तो बायकोने बाजूला काढला, म्हणाली, "कोणाच्या ओठाला लागेल." पांढऱ्या कापडाला इस्त्री. जाळीचा रुमाल वर.

दोन तास गेले. कोणी फोटो काढला नाही, कोणाचं नाव पुकारलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, दिली. तेवढा वेळ, मी शपथेवर सांगतो, मंडळीत एकही मोबाइल वाजला नाही. घड्याळ मी मुद्दाम घरी ठेवलं होतं.

अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांबरोबर पुन्हा उठलेला ख्रिस्त अख्खा रस्ता चालला, शास्त्र उलगडून सांगितलं, तरी ओळख पटली ती भाकर मोडताना. माझी समजूत अशी होत चाललीय की आमच्या 130 मिनिटांत तेवढीच मिनिटं कोणालाही स्वतःकडे वळवता येत नाहीत. बाकीची सगळी वळवता येतात. प्रवचनसुद्धा.

---

मुक्तीची शेजारीण

मनुकांचा रस आमच्याकडेही. पण त्यात एक लवंग टाकणाऱ्या काकू होत्या, त्यांच्यावरून दोन वर्षं वाद चालला.

---

नंदाखालचा नातू

लवंग! :) रोमला कळवायला हवं.

---

तरुण संघाचा सचिव

काका, मी पण एक प्रयोग केला. आमच्या टीमने या महिन्यात गाणी निवडताना एकच नियम ठेवला: सहापैकी निदान तीन गाणी त्याने काय केलं ते सांगणारी. जन्म, क्रूस, कबर, परत येणं, काहीही. यादी करायला बसलो तेव्हा कळलं, आमच्या लॅपटॉपमधल्या नव्या गाण्यांत अशी फार थोडी. शेवटी ताईंकडून जुनी तीन भजनं उचलली आणि केरवा ड्रमवर बसवला. पट्टी काळी दोन.

---

पेटीवाली

मागच्या मावशांचा आवाज आला का?

---

तरुण संघाचा सचिव

आला. जरा जास्तच. एक मावशी तर अंतऱ्याला माझ्या आधी गेल्या.

---

नेवाशाचा पंच

आता शेवटचं, कारण उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होऊन गेला.

आमच्याकडे सप्तोद्गारांची उपासना बारा ते तीन. येशूचे क्रूसावरचे सात उद्गार, सात वक्ते. खरं सांगायचं तर ती आमची वक्तृत्वस्पर्धाच. कोणाला कोणता उद्गार मिळाला यावरून रुसवे होतात, आणि पहिला वक्ता हमखास अर्धा तास घेतो, म्हणून सातव्याला "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" एवढंच म्हणून बसावं लागतं. या वर्षी पंचमंडळात मांडलं की वक्ते तीनच ठेवू आणि योहानाचे 18 आणि 19 हे अध्याय पूर्ण, न थांबता वाचू. मतदान झालं. एका मताने पास. विरोधात मत देणाऱ्यांत एक ज्येष्ठ होते, त्यांचा दरवर्षीचा चौथा उद्गार गेला. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आणि त्यांचंही सगळं चूक नाही, गेली तीस वर्षं ते त्या एका उद्गारावर वर्षभर वाचन करून बोलायचे.

वाचायला आम्ही नववीतली एक मुलगी उभी केली. "पूर्ण झाले आहे" पर्यंत आली आणि थांबली. वाचन तिथे संपत नव्हतं, पुढच्या ओळी होत्या. तिने मान वर करून बघितलं, बहुतेक पान चिकटलं होतं. दोन-तीन क्षण कोणीच काही बोललं नाही. बाहेर रिक्षा गेली. मग पान सुटलं आणि तिने पुढे वाचलं.

सूचना आता आशीर्वचनानंतर होतात. निम्मे लोक चपला घालून बाहेर असतात, आणि भिशीचे निरोप लोकांपर्यंत पोहोचत नाहीत अशी महिला मंडळाची नवी तक्रार आली आहे. सत्कार मात्र परत आत शिरलेत. पुनरुत्थानाच्या रविवारी दोन झाले.

आता कामाचं. ती जुनी लाकडी पाटी मी गोदामातून काढून पुसली आहे. पत्र्याचे तीन आकडे हरवलेत, ते लोहाराकडून करून घेईन. पण मंडळीच्या जुन्या पेटीचा भाता फाटलाय आणि दोन सूर अडकतात. पुण्यात एकाने नवीनच घ्या म्हणून सांगितलं. कोणाला चांगला कारागीर माहीत आहे का?

---

पेटीवाली

नवीन अजिबात घेऊ नका. जुन्या पेटीचे सूर परत मिळत नाहीत. मिरजेला नेता येईल का? माझी तिथेच नीट झाली होती. आधी भात्याचा फोटो टाका, चामडं गेलंय की नुसता पुठ्ठा सुटलाय ते बघू.

---

नेवाशाचा पंच

रविवारी काढून टाकतो. उपासनेनंतर. :)